तुरळक ठिकाणी

दिवस मावळायला टेकला की ज्योतिबा विचारायचा, "गजरा, आभाळ कसं हाय गं?"

मग हातातलं काम कसलंही असो, गजराबाई ते टाकून बांधावर चढायची. कपाळाला हात लावून आधी भीमाशंकरच्या अंगाला बघायची, मग उगवतीला, आणि खाली येऊन सासऱ्याला सगळं सांगायची. ढग असला तर कुठं आहे, पांढरा की काळा, उंच वाढतोय की आडवा पसरतोय, वारा कुठून येतोय. म्हाताऱ्याचे डोळे काचबिंदूनं गेले त्याला बरीच वर्षं झाली होती. आधी एक गेला, दुसरा राहील राहील म्हणेपर्यंत तोही गेला. पण आभाळाचा नाद काही सुटला नव्हता. सुनेनं सांगायचं आणि त्यानं कानांनी पाहायचं, अशी दोघांची सवय बसून गेली होती.

"बूड कसंय?" हा त्याचा शेवटचा प्रश्न ठरलेला. "डोस्कं समद्या ढगांचं पांढरंच आसतं. बूड सपाट आन काळं आसलं का त्यो भरलेला. बूड बगितल्याबिगर मला काय सांगू नगंस."

गजराबाईचा नवरा दादाभाऊ वैतागायचा. "आता फोनवर समदं येतंय आबा. कशाला तिला बांध चढाय लावता?"

पण गजराबाईला ते चढणं आवडायचं. भाकरी कुणीही थापली असती, पाणी हिरानंही आणलं असतं. आभाळ मात्र म्हातारा तिच्याशिवाय कुणाकडून ऐकून घ्यायचा नाही. लग्न होऊन आली तेव्हा हाच सासरा तिच्याशी धड बोलत नव्हता, आणि आता तिच्या डोळ्यांवर तो अख्ख्या कळपाचा मुक्काम ठरवत होता. याचा तिला अभिमान होता, पण ती तो कुणाला दाखवत नव्हती.

बेल्ह्याच्या माळावरचं पाणी आटलं की हे बिऱ्हाड घोडीवर सामान लादून घोड नदीच्या अंगाला उतरायचं. यंदा ते अवसरी बुद्रुकला कुंडलिकच्या वावरात बसलं होतं. कांदा निघून गेलेला, वावरात वाळकी पात पडलेली. मेंढरांनी ती खायची आणि रात्री तिथंच बसून लेंडीखत द्यायचं, असा बापजाद्यांपासूनचा व्यवहार. कुंडलिक माणूस वाईट नव्हता. फक्त हे वावर, ही विहीर, हा आंबा आपला आहे याची आठवण दिवसातून एकदा तरी करून दिल्याशिवाय त्याला अन्न गोड लागत नसे. "पावणं, घोडी आंब्याला बांदू नगा, साल कुरतडती ती." घोडी पार लांब बाभळीला बांधलेली असली तरी सांगायचा.

मे महिना अर्ध्यावर आला होता. सकाळची न्याहारी होते न होते तोच वावरातून झळा निघायच्या. विहिरीवरून आणलेलं पाणी हंड्यातच कोमट व्हायचं. ढेकळांवर अनवाणी पाय टेकवत नव्हता. मेंढरं चरायची सोडून एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून उभी राहायची आणि तशीच धापत राहायची. हे लोक मेंढराला बकरंच म्हणतात. तर बकऱ्यांच्या अंगावर लोकर वाढून जड झाली होती, तिच्यात कुसळं, गोचीड, मातीच्या गुठळ्या. पावसाच्या आधी ती उतरवायलाच हवी होती. भिजलेल्या लोकरीत जखम झाली की किडे पडतात आणि बकरं उभ्या उभ्या सडतं.

कातरणी सावडीनं व्हायची, आज माझी तर उद्या तुझी. दादाभाऊचा चुलतभाऊ सयाजी पेठजवळ उतरला होता. त्याचा निरोप आला, "उद्या तुमची कातरू, परवा आमची. तेरवा आमी बिऱ्हाड हलवनार." म्हणजे उद्या नाही झालं तर माणसं मिळणार नव्हती, आणि दोघा-तिघांनी कातरत बसायचं तर पाऊस गाठणार होता.

त्या संध्याकाळी गजराबाई बांधावरून उतरली आणि म्हणाली, "आबा, आभाळ पुसून काडल्यागत हाय. कुटं काय नाय."

"आन वारं?"

"वारं पडलंय. पानबी हालंना."

म्हाताऱ्यानं हनुवटी खाजवली. "वारं पडनं चांगलं न्हाई. उद्या कातर लावायच्या आदी परत बगू."

दुसऱ्या दिवशी सयाजी माणसं घेऊन आला तोवर ऊन चांगलं चढलं होतं. माणसं चहा पिऊन दगडावर कातरी घासायला बसली. बकरी कोंडायला खुंट्यांवर लावलेल्या जाळीतून दादाभाऊनं पहिलं बकरं ओढून काढलं. त्याचे चारी पाय एकत्र बांधून गजराबाईनं त्याच्या मानेवर गुडघा टेकला. तिकडं तव्यावर भाकरी होती आणि भाकरीवर नजर ठेवायला सांगितलेली हिरा फोन बघत होती. हिरा म्हणजे गजराबाईची धाकटी. दहावी होऊन घरी बसलेली, त्यामुळं फोनवरचं वाचून दाखवायचं काम तिचं.

"आबा, आलंय बगा," ती म्हणाली आणि शाळेतल्या सुरात वाचू लागली. "पुढील चोवीस तासांत जिल्ह्यात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस व गारपिटीची शक्यता."

सयाजीचा हात थांबला. "गारा म्हनतंय?"

"तुरळक म्हनतंय," दादाभाऊ म्हणाला. "तुरळक म्हंजी दोन थेंब. भुईबी वली व्हायची न्हाई."

वाचणारीनं नीट वाचलं होतं आणि ऐकणाऱ्यांनीही नीट ऐकलं होतं. पण तुरळक हा शब्द त्यांच्या रोजच्या बोलण्यातला. बाजरी तुरळक उगवली, डोक्यावर केस तुरळक राहिले, बाजारात गिऱ्हाईक तुरळक. तुरळक म्हणजे थोडं, आणि थोड्यानं कुणाचं काय बिघडतं? शब्द पावसाला लावलेला नव्हता, ठिकाणाला लावलेला होता. पडेल तो थोड्या जागी पडेल एवढंच त्यात होतं. त्या जागी तो थोडका पडेल असं कुणी म्हटलंच नव्हतं. पण इतका बारकावा कुणाच्या ध्यानात येणार? आणि कातर हातात घेऊन बसलेल्या माणसाला तर तो नकोच असतो.

"गजरा, आभाळ कसं हाय?" ज्योतिबानं विचारलं.

गजराबाईच्या गुडघ्याखाली बकरं धडपडत होतं. हात लोकरीच्या तेलकट घाणीनं माखले होते. तव्यावरून करपल्याचा वास यायला लागला होता. तिनं बसल्या जागेवरूनच मान वर केली. मावळतीला शेजाऱ्याचा ऊस उभा होता आणि उसाच्या शेंड्यांवर ढगाचं डोकं तेवढं दिसत होतं, कोबीच्या गड्ड्यासारखं पांढरं. बाकीचा ढग उसाच्या आड होता. बांध काही लांब नव्हता. पण सगळी माणसं तिच्या तोंडाकडं बघत बसली होती.

"मावळतीला हाय आबा जरासं. पांढरं हाय," ती म्हणाली. आणि मग जो शब्द आत्ताच कानावर पडला होता तोच तिच्या तोंडातून निघाला. "तुरळक हाय."

"तुरळक म्हंजी?"

"म्हंजी थोडं. इथं-तिथं."

म्हाताऱ्याचे ओठ हलले, पुढचं काहीतरी विचारायचं असल्यासारखे. पण सयाजी म्हणाला, "आबा, ऊन डोक्यावर यायला लागलं. काय करायचं सांगा."

"कातरा," ज्योतिबा म्हणाला.

बूड त्यानं विचारलं नाही. गजराबाईला तेव्हा बरंच वाटलं. ती हिरावर ओरडली, "अगं भाकर जळाली, कुटं लक्ष हाय तुजं!"

कातरी चालू झाल्या. कचाकचा आवाज, बकऱ्यांचं बेंबाटणं, घामाचा आणि लोकरीचा वास. माणसं पोटाकडून सुरुवात करून पाठीपर्यंत यायची आणि लोकर सोलल्यासारखी एका तुकड्यात उतरायची. कुठं कातडीला कातर लागली की हिरा धावत जाऊन हळद-तेलाचं बोट लावायची. कातरून झालेलं बकरं ज्योतिबाकडं यायचं. तो त्याच्या कानापासून शेपटीपर्यंत हात फिरवायचा, जखम राहिली का बघायचा आणि मगच सोडायचा. डोळे नसले तरी त्याला एकूण एक ओळखू यायचं.

"ही मोरी. किती वाळलीस गं बाये. हे भुरीचं पाठ, तिची तरनी लेक, व्हय ना?"

काजळी आली तेव्हा तो जास्त वेळ थांबला. डोळ्यांभोवती काळं असलेली ही म्हातारी मेंढी कळपाच्या पुढं चालायची. तिचा एक कान लहानपणी कुत्र्यानं फाडलेला होता. या खेपेला ती गाभण होती. त्यानं तिच्या पोटाला तळहात लावला आणि आतलं हललेलं त्याला कळलं. तो हसला. "हिला हळू सोड, हिरा."

लोकर सोडलेली मेंढरं अगदी बापुडवाणी दिसत होती. अंग निम्मं झालं होतं, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा वर आल्या होत्या. पण त्यांना बरं वाटत असावं. किती दिवसांनी ती एकमेकांपासून मोकळी उभी राहून पात खात होती. गजराबाईनं ते पाहिलं आणि तिला समाधान वाटलं.

जेवणं आटोपली. थोडीच बकरी कातरायची राहिली होती. आंब्याखाली लोकरीचा ढीग लागला होता. पूर्वी या लोकरीला घेणारा असायचा, तिची घोंगडी व्हायची. आता फुकट दिली तरी कुणी नेत नाही. कुंडलिक चपला वाजवत आला आणि ढिगाकडं बघून त्यानं नाक मुरडलं.

"पावणं, ही घान माज्या आंब्याखाली नगं. केसं उडून हिरीत पडत्यात. उचला."

"सांजंला उचलतो मालक. हात गुतल्यात समद्यांचं," दादाभाऊ म्हणाला.

"सांजंला न्हाई, आत्ता. बांधापल्याड न्या."

सगळ्यांसमोर हे झालं. सयाजीनं मान खाली घालून कातर चालू ठेवली. दादाभाऊनं बायकोकडं पाहिलं आणि गजराबाईनं लुगड्याचं जुनेर अंथरलं. त्यात मावेल तेवढी लोकर भरली, गाठोडं डोक्यावर घेतलं आणि निघाली. मनात कुंडलिकला शिव्या देत होती. ऊन असूनही हवा दाटल्यासारखी झाली होती, श्वास पुरत नव्हता. ती बांधावर चढली, पलीकडं गाठोडं टाकायला वाकली आणि उठताना तिची नजर उसाच्या पलीकडं गेली.

ढगाचं डोकं आता तिच्या डोक्यावर आलेलं होतं. आणि खाली बूड होतं. सपाट, काळंनिळं, भीमाशंकरच्या डोंगरापासून पार अलीकडं आलेलं. त्याच्या खालचे डोंगर दिसतच नव्हते, तिथं पांढरट पडदा होता.

"आबा!" ती बांधावरूनच ओरडली. "बूड काळं हाय! आबा, बूड काळं हाय!"

ज्योतिबाच्या हाताखाली एक बकरं होतं. त्याचा हात त्या उघड्या पाठीवर तसाच राहिला.

मग सगळं एकदमच झालं. आधी वारा आला. धूळ, पात, उरलेली लोकर सगळं उडालं. बिऱ्हाडाचं पाल खुंट्यांसकट उचकटून कुंपणावर जाऊन अडकलं. सयाजी आणि त्याची माणसं आपापल्या बकऱ्यांच्या काळजीनं पेठच्या रस्त्याला पळाली. त्यांना बोल लावण्यात अर्थ नव्हता, त्यांचीही लेकरं-बाळं उघड्यावर होती. पहिली गार तव्यावर पडली आणि ठण्ण वाजली. पाठोपाठ बोरांएवढ्या आणि मग लिंबांएवढ्या गारा सुरू झाल्या.

गजराबाई दोन्ही काखांत एकेक कोकरू घेऊन कुंडलिकच्या घराकडं धावली. कोकरांना कातर लावलेली नव्हती, पण गारेचा एक मार त्यांना पुरला असता. कुंडलिक कांद्याच्या बराखीवर ताडपत्री ओढत होता. नुकताच भरलेला कांदा, वरचे पत्रे वाऱ्यानं थडाथडा उडत होते.

"मालक, बकऱ्यांना आत घ्या! कातरल्यात, मरतील!"

"बराखीत कांदा हाय, दिसतंय ना? कुटं घालू मी तुमची बकरी? माजंच चाललंय इथं!" तो ओरडला. त्याच्या कपाळावर गार लागून रक्त येत होतं आणि ताडपत्रीचं टोक काही त्याच्या हातात राहत नव्हतं.

त्याची आई ठमाबाई ओसरीवर उभी होती. डोक्यावर पाटी पालथी धरून ती अंगणात उतरली आणि गोठ्याचं दार तिनं उघडलं. "कोकरं आन समदी. मोठी न्हाई गं मावायची बाये. कोकरं तेवडी आन."

गजराबाई आणि हिरा कितीदा गेल्या-आल्या कुणास ठाऊक. पाठ, खांदे, डोकं सगळं सुजून गेलं. कोकरं आत गेली. दादाभाऊनं जाळीत रेटलेली मोठी जनावरं अंगाला अंग लावून उभी होती आणि गारा त्यांच्या उघड्या कातडीवर थेट लागत होत्या. अंगावर लोकर असती तर त्याच गारा लागून उडाल्या असत्या.

गारा थांबल्या आणि पाऊस लागला, बर्फासारखा गार. वारा थांबेना. सकाळी ज्या वावरात पाय टेकवत नव्हता तिथं पांढरा थर पडला होता आणि त्यात उभं राहून बकरी कापत होती. कापता कापता एकेकीचे पुढचे गुडघे मोडायचे. दादाभाऊ तिला शेपटीला धरून उठवायचा, दुसरी बसायची. चूल पेटवायला कोरडी काडी नव्हती. ज्योतिबा जाळीत शिरला होता. त्यानं काजळीला शोधून काढलं होतं, आपलं घोंगडं तिच्यावर टाकलं होतं आणि वरून स्वतः ओणवा झाला होता. दादाभाऊनं त्याला ओढलं. "आबा, उठा! मराल तुमी!"

"मला सोड. बकरी बग," म्हातारा म्हणाला.

तेव्हा गजराबाईनं केलं ते आठवलं की तिला स्वतःचीच कीव येते. ती बांधापल्याड गेली आणि दुपारी तिथं टाकलेली लोकर कवेत भरभरून आणू लागली. आणायची आणि बकऱ्यांच्या पाठीवर टाकायची. लोकर चिंब झाली होती. पाठीवर ठरायची नाही, घसरून खाली पडायची. ती परत उचलायची, परत टाकायची, हातानं दाबून धरायची. "घ्या गं बायांनो, घ्या तुमचंच हाय," असं काहीतरी ती बडबडत होती. हिरा रडत म्हणाली, "आई, नगं ना गं." पण ती थांबली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आभाळ स्वच्छ होतं. ऊन पडलं, पाखरं ओरडू लागली. सयाजी आला आणि जाळीपाशी येऊन उभा राहिला.

"पेठंत धूळबी बसली न्हाई रं दादा," तो म्हणाला. "ह्या वढ्याच्या पल्याड एक थेंब न्हाई."

चाकणला कंपनीत असलेल्या थोरल्या मुलाचा, सुनीलचा फोन आला. हिरानं आईच्या कानाला लावला.

"आई, तिकडं तुरळक ठिकाणी गारा पडल्या म्हनं. आपल्याकडं काय नाय ना झालं?"

गजराबाईनं फोन परत हिराच्या हातात दिला. "ह्यो पन तुरळकच म्हनतोय," ती म्हणाली. "काय आसतं गं ते?"

हिरा खाली बघत म्हणाली, "तुरळक ठिकाणी म्हंजी थोड्याच जागी, आई. समदीकडं न्हाई. थोड्याच जागी."

"मंग त्या थोड्यात आपन व्हय," गजराबाई म्हणाली.

दादाभाऊ तिच्याकडं वळला. "फोनचं ऱ्हाऊ दे. तुला दोन डोळं हायेत ना? का तेबी गेलं? बांध काय कोसावर व्हता?"

खरंच होतं ते. बांध काही लांब नव्हता. ती मेलेल्या एका मेंढीचे पाय सरळ करत बसली.

"तिला बोलू नगंस," ज्योतिबा म्हणाला. त्याचा आवाज बसला होता, गारांनी टाळू फुटली होती, तिथं ठमाबाईनं चिंधी बांधली होती. "बूड इचारायचं काम माजं. मी इचारलं न्हाई. मला ठावं व्हतं ती बसल्या जागंवरनं बोलती. आवाज खालनं येत व्हता तिचा. बांधावरनं येतो तसा न्हवता." मग तो म्हणाला, "समद्यांची घाई बगून मलाबी वाटलं, हून जाऊ दे."

मेलेली बकरी पुरायला खड्डा कुठं काढायचा हा प्रश्न होता. गायरानात मुरूम लागला. दादाभाऊ विचारावं की न विचारावं अशा पेचात असताना कुंडलिक ट्रॅक्टर घेऊन आला. कपाळाला पट्टी होती. निम्मा कांदा भिजला होता त्याचा. "बांधाकडंला काडा. वावर नरम हाय तिथं," तो म्हणाला. कुणाचं वावर ते यावेळी त्यानं सांगितलं नाही.

खड्ड्यात ठेवण्याआधी ज्योतिबा एकेका बकऱ्यावरून हात फिरवत होता. काल कातरल्यावर ओळखली होती तीच, पण आज त्याला ओळखू येईनात. थंड पडलेली कातडी सगळ्यांची सारखीच लागत होती. "ही कंची?" तो विचारायचा आणि गजराबाई सांगायची, मोरी, भुरीचं पाठ. एका ठिकाणी त्याच्या बोटांना फाटका कान लागला. तिथं त्यानं विचारलं नाही. त्यानं पोटावर तळहात ठेवला. मग म्हणाला, "घ्या."

गोठ्यातून सोडलेली कोकरं जाळीत आली आणि आया शोधत फिरू लागली. जी मेंढी समोर येईल तिच्या कासेला तोंड लावायची आणि ती त्यांना लाथेनं उडवायची. हिरा बाटलीनं दूध पाजायला बसली. काही प्यायली, काही प्यायलीच नाहीत.

त्या दिवशी संध्याकाळी गजराबाई चुलीपाशी बसून वाट बघत होती. दिवस टेकला, मावळला, भाकऱ्या झाल्या, म्हाताऱ्यानं काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तो जाळीकडं तोंड करून बसून राहायचा. दादाभाऊनं शिव्या दिल्या असत्या, मारलं असतं तरी तिला एवढं लागलं नसतं. इतक्या वर्षांत तिला विचारावं असं त्या घरात एकच काही होतं आणि तेही कुणी विचारत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी तिनं वाट पाहिली नाही. पीठ तसंच परातीत टाकून ती बांधावर चढली, उसाच्या टोकापर्यंत चालत गेली, जिथून काहीच आड येत नाही. बारकाईनं सगळं पाहिलं. मग परत येऊन सासऱ्यापुढं उकिडवी बसली आणि त्यानं न विचारताच सांगू लागली.

"आबा, मावळतीला तीन ढग हायेत. दोन बारकं, एक मोटा. मोट्याचं डोस्कं फुटलंय, वाऱ्यानं उगवतीकडं चाललंय. बूड बगितलं. उसाच्या टोकाला जाऊन बगितलं. बूड पांढरं हाय, आन फाटकं हाय, सपाट न्हाई. खालचा डोंगर दिसतोय. उगवतीला काय नाय. वारं मावळतीचं हाय, मोकळं हाय. आज काय येत न्हाई आबा."

ज्योतिबानं ऐकून घेतलं. त्याची मान जराशी हलली.

"बरं बगितलंस," तो म्हणाला.

एवढं ऐकल्यावर गजराबाईच्या डोळ्यांतून पाणी आलं. ती उठायला लागली, तर त्यानं हात पुढं करून तिला थांबवलं. त्याचा हात हवेतच राहिला, जाळीच्या दिशेनं.

"गजरा."

"काय आबा?"

"आवाज लई लांबून लांबून येतोय. मला समजंना. बकरी कशी दिसत्यात गं? खरं सांग."

गजराबाईनं जाळीकडं पाहिलं. जाळी पूर्वीएवढीच लावली होती, तिचा घेर कमी करायचं कुणाच्या मनात आलं नव्हतं. मधे नुसती काळी भुई दिसत होती. एक मेंढी या कोपऱ्याला बसली होती, दोन त्या टोकाला, मधे कुठंतरी एक कोकरू उभं होतं. थोडी होती, इथं-तिथं. याला दुसरा शब्द तिला खूप शोधूनही सापडेना.

"तुरळक हायेत, आबा," ती म्हणाली.

यावेळी म्हाताऱ्यानं तिला त्याचा अर्थ विचारला नाही.